लेणं नंबर पाच, महारवाडा

(जवळा बाजार, जि. हिंगोली इथं तरुण पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, थोडं कमीजास्त.)



मला विषय दिला होता, बौद्ध लेणी. विषय दांडगा आहे. महाराष्ट्रात डोंगर तिथं लेणी, आणि लेणी म्हटलं की आपले वक्ते सुरू होतात. आपला सुवर्णकाळ, आपलं वैभव, आपली कला. टाळ्या पडतात, हार पडतात, माणसं घरी जातात. मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईला गोदीत माल उचलतो आणि रात्री कविता लिहितो. वैभवातलं मला काही कळत नाही. दगडातलं, ओझ्यातलं, गळक्या छपरातलं कळतं. म्हणून मी एकाच लेण्याबद्दल बोलणार आहे. वेरूळचं लेणं नंबर पाच. त्याचं चालू नाव महारवाडा.

मागं कुणी हसलं. हसा. गाइडसुद्धा हसूनच सांगतात.

वेरूळला ओळीनं चौतीस नंबरी लेणी आहेत. दक्षिणेकडची पहिली बारा बुद्धाची, तेरा ते एकोणतीस हिंदू देवांची, तीस ते चौतीस जैनांची. नंबर घातले साहेबांनी, नावं ठेवली लोकांनी. ती नावं जरा कान देऊन ऐका. सोळा नंबर कैलास. पंधरा दशावतार. चौदा रावण की खाई. एकवीस रामेश्वर. एकोणतीस सीतेची न्हाणी. बत्तीस इंद्रसभा. दहा नंबर तर अस्सल बौद्ध चैत्य, आत स्तूप, स्तूपाच्या पुढं पाय सोडून बसलेला बुद्ध. पण सुतार लोकांनी त्यालाच आपला विश्वकर्मा मानलं, त्याच्या पाया पडले, म्हणून त्या लेण्याचं नाव विश्वकर्मा, नाहीतर सुताराची झोपडी. अकरा दोन ताल, बारा तीन ताल. बुद्धाची बारा लेणी, आणि ह्या चालू नावांत बुद्धाचं नाव एकालाही नाही. पाचव्याचं नाव महारवाडा. आणि अगदी दक्षिणेच्या टोकाला जी लेणी आहेत त्यांना इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत ढेडवाडा असंही छापलंय, कारण गावचे लोक तसं म्हणत होते. इंद्राला सभा, सीतेला न्हाणी, सुताराला झोपडी आणि आपल्याला वाडा. ह्या देशात डोंगराला पण गावकूस आहे आणि त्या डोंगरात पण आपण कुसाबाहेर.

दोन ताल ह्या नावाची एक गंमत सांगतो. लेणं तीन मजली आहे. पण तळमजला मातीनं भरून गेला होता, लोकांना वरचे दोनच दिसायचे, म्हणून दोन ताल. १८७६ साली माती उपसली तेव्हा खालचा मजला निघाला. मजले तीन झाले, नाव मात्र दोनच राहिलं. खालचा मजला उघडा पडून दीडशे वर्षं होत आली तरी मोजणीत नाही. ह्यावर मी कविता करायला बसलो होतो, झाली नाही. दगडानंच करून ठेवली आहे.

आता महारवाडा नाव का पडलं? सांगतात असं की पावसाळ्यात तिथली महार माणसं ह्या लेण्यात येऊन राहायची. झालं. पुस्तकात एक ओळ आणि पुढचं लेणं. अरे, त्या एका ओळीत केवढं घर आहे! इथं बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा की पळाटीच्या कुडाचं घर पावसात काय करतं. आधी वरून गळतं, मग खालून ओल चढते, चूल पेटत नाही, कोरडी जागा राहते एक हात, तिथं पोरगं झोपवायचं का पीठ ठेवायचं, हा प्रश्न. आमच्या आजीनं हा प्रश्न दर पावसाळ्यात सोडवला. गावात चिरेबंदी वाडे होते, देवळाला दगडी मंडप होता, चावडी होती. तिथं जाऊन कोण बसू देणार? म्हणून वेरूळच्या माणसांनी डोंगरात तोंड घातलं. रिकामं लेणं. कुणाला नको असलेलं, देव नसलेलं, म्हणजे त्यांचा देव नसलेलं.

आणि आता ह्याच्यापुढचं ऐका. हे लेणं मुळात कशासाठी होतं? भिक्षूंना राहायला. भिक्षू वर्षभर हिंडायचा, पण आषाढी पौर्णिमा झाली की तीन महिने एका जागी थांबायचं, हा बुद्धाचा नियम. वर्षावास. पावसात वाट चिखलाची, पायाखाली कोवळं पीक, किडामुंगी, म्हणून थांबायचं. विहार निघाले ते ह्या थांबण्यातून. म्हणजे बघा, वेरूळचं हे लेणं सातव्या शतकाच्या सुमाराला खोदलं गेलं पावसाळ्यात माथ्यावर छप्पर असावं म्हणून. भिक्षू गेले. शेकडो वर्षं गेली. आणि परत पावसाळ्यातच, त्याच छपराखाली, ज्यांना बुद्धाचं नावही कुणी सांगितलेलं नव्हतं अशी माणसं पोरंबाळं घेऊन येऊन बसली. पुरातत्त्ववाले ह्याला लेण्याचा गैरवापर म्हणतील. मी म्हणतो, भिक्षू गेल्यावर ते लेणं त्याच्या मूळ कामाला कुणी लावलं असेल तर ते आपल्या माणसांनी.

भावनेत वाहून जाऊ नका, मी पण जात नाही. तिथं राहिलेल्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना कोरडी जागा पाहिजे होती. समोरच्या गाभाऱ्यातला बुद्ध त्यांच्यासाठी कुठला तरी बाबा असेल. ओळख पटली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. हे लेणं वेरूळच्या एकमजली विहारांत सगळ्यात मोठं. आत खोली सुमारे ११७ फूट, रुंदी ५८ फूट, बाजूचे कोनाडे वेगळे. चोवीस खांब. बाजूंना भिक्षूंच्या खोल्या, मागं गाभारा. हे बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. बांधताना खालून वर जातात, पाया, भिंत, छप्पर. लेण्यात उलटं. आधी छत काढायचं, मग खाली खाली उतरायचं, आणि खांब पाहिजे तिथला दगड सोडत जायचं. चुकला तर चुकला, तिथं परत दगड चिकटवता येत नाही. आपला हा काळा पाषाण, एक घनमीटर म्हणजे जवळजवळ तीन टन. मी गोदीत बसून हिशेब केला. ह्या एका दालनात एक मीटर खाली उतरायचं तर अठराशे टनांच्या आसपास दगड फोडून बाहेर न्यावा लागतो. पन्नास किलोच्या पोत्यात बोलायचं तर छत्तीस हजार पोती. इथं जवळ्याच्या बाजारात हळद-सोयाबीनची पोती उचलणारे हमाल बसलेत, त्यांना सांगायला नको छत्तीस हजार म्हणजे काय. आणि ही झाली एका मीटरची बात. उभा माणूस हिंडेल एवढी उंची काढायला अजून खाली जायचंय. विंच नाही, क्रेन नाही, छिन्नी-हातोडा, आणि बाहेर न्यायला पाठ.

कुणाची पाठ? वेरूळच्या बौद्ध लेण्यांत ह्याचं उत्तर दगडावर लिहिलेलं सापडत नाही. पैसा कुणाचा तेही नाही, पाठ कुणाची तेही नाही. लिहिलेलं पाहिजे असेल तर माझ्याकडं मुंबईला या. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरी आहे. सुटीच्या दिवशी मी जातो, लोकल आणि थोडी पायपीट, पोटभर डोंगर. शंभराच्या वर लेणी, पहिलं-दुसरं शतक ते अकरावं शतक, हजार वर्षं चाललेला विहार. तिथं डोंगर बोलतो. शंभराएक लेख आहेत. कल्याणचा सोनार स्वामिदत्त, त्यानं पाण्याचं टाकं दिलं. त्या लेखात टाक्याला पोढी म्हटलंय. कल्याणचाच एक लोहार, नंद नावाचा, त्यानं वाट करून दिली. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक, सगळीकडचे दाते. नवव्या शतकात शिलाहार राजांच्या अमलात ठेवी ठेवल्या गेल्या, भिक्षूंच्या कपड्याला, डागडुजीला, पोथ्यांना. पोथ्यांसाठी वेगळा पैसा बाजूला काढलेला, हे मला फार आवडलं. १००९ आणि १०२१ साली पारशी लोक येऊन पहलवीत आपली नावं कोरून गेले. पुढं पोर्तुगीज आले, त्यांनी मोठ्या चैत्यात चर्च थाटलं.

पण दोस्तांनो, सोपारा, कल्याण, चौल ही काय होती? बंदरं. गलबतं लागायची. व्यापाऱ्याकडं दानाला पैसा आला तो मालातून, आणि माल काही आपल्या पायानं उतरत नाही. कुणीतरी तो पाठीवर घेतला, फळीवरून चालला, घसरला, परत उठला. मी हे काम करतो, मला त्याची चाल माहीत आहे. सोनाराचं नाव आहे, लोहाराचं आहे, व्यापाऱ्यांची नावं आहेत, भिक्षुणींचीही आहेत. हमालाचं नाव माझ्या वाचनात तरी आलं नाही. म्हणून कुणी स्टेजवरून सांगायला लागलं की विहार म्हणजे आपलं साम्यवादी राज्य होतं, तर त्याला विचारा, हिशेब कुठंय? नाशिकच्या दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्यानं तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडं ठेवले, त्याच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च. वीस भिक्षू, दरडोई बारा कार्षापण कपड्याला. चांगलंच आहे. पण ते व्याज मागावर बसून कुणी विणलं? संघात दासाला प्रवेश नव्हता, कर्जदाराला नव्हता, राजाच्या सैनिकाला नव्हता. हे विनयातच आहे, कुण्या विरोधकानं रचलेलं नाही. मालकांनी, सावकारांनी, राजांनी ओरड केली आणि संघाला त्यांच्याशी जमवून घ्यावं लागलं. आपण हे दडवलं तर आपल्यात आणि पुराणिकात फरक काय राहिला?

आणि हे सगळं मान्य करूनही मी पाच नंबरच्या लेण्यात उभा राहतो, कारण तिथं दोन बाकं आहेत. दगडाची, बुटकी, लांबच लांब. दालनाच्या मधोमध, दाराकडून गाभाऱ्याकडं, खांबांच्या ओळींमधून समोरासमोर गेलेली. वेरूळला असं दुसरं दालन नाही. कान्हेरीला अकरा नंबरमध्ये आहे, त्याला दरबार म्हणतात. बाकं कशासाठी, ह्यावर विद्वानांची भांडणं आहेत. कुणी म्हणतं जेवायला, कुणी म्हणतं पाठ करायला, पोथी ठेवायला. मला दोन्ही चालतं. जेवण असो का वाचन, बाक एकाच उंचीचं आहे. वरचं टोक, खालचं टोक नाही. पाटाखाली माती नाही. कोण आधी बसणार हे संघात ठरायचं ते दीक्षा घेऊन किती वर्षावास झाले त्यावर. बापाच्या जातीवर नाही. उपालीची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकदमच दीक्षेला गेले, आणि राजपुत्रच म्हणाले, ह्याला आमच्या आधी द्या, म्हणजे आम्हाला ह्याच्या पाया पडावं लागेल, आमचा ताठा जिरेल. त्याच उपालीकडं पुढं विनय सांगायचं काम आलं. म्हणजे कायदा. न्हाव्याच्या पोराकडं कायदा.

आता ह्या बाकाशेजारी आपल्या औंढ्याचं देऊळ ठेवून बघा. लांब कशाला जायचं, इथून हाकेवर आहे. नागनाथ. यादवकाळचं काम, कोरीव, सुंदर, मी नाकारत नाही. त्याची दंतकथा काय? नामदेव कीर्तनाला उभा राहिला, शिंप्याचा पोर म्हणून त्याला देवळामागं पाठवलं, आणि देऊळच त्याच्याकडं तोंड करून फिरलं. ही कथा सगळे भक्तीनं सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं की देऊळ फिरवणं सोपं वाटलं, पण माणसांनी सरकून एका शिंप्याला पुढं जागा देणं कथेतसुद्धा कुणाला सुचलं नाही. शिंप्याची ही गत, मग चोख्याचं काय सांगायचं.

वेरूळचा विषय निघाला की बाबासाहेबांची एक सहल सांगावीच लागते. १९३४ साल. चळवळीतले तीसेक लोक घेऊन ते निजामाच्या मुलखात आले होते, वेरूळची बौद्ध लेणी बघायची म्हणून. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाची धूळ, दाराशी पाण्याचा हौद भरलेला. काहींनी हातपाय, तोंड धुतलं. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, ढेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली. रमजानचे दिवस होते. शेवटी आत सोडलं ते बरोबर एक हत्यारबंद शिपाई देऊन, आत कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून. परदेशात डॉक्टर होऊन आलेला माणूस! हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये, आणि त्यांचं म्हणणं सरळ आहे की हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच. विटाळ कुणा एका धर्माच्या घरचा राहिलेला नव्हता, सगळ्या गावाच्या पाण्यात उतरलेला होता. ह्याच मुलखात, त्याच वाटेवर पुढं डोंगरात शेकडो वर्षांपूर्वी विहार खोदलेले होते. कान्हेरीला सोनारानं पोढी कोरून दिली ती विहाराच्या पाण्यासाठी, हातपाय धुवायला जात विचारणारा संघ नव्हता. आणि शब्द बघा, तोच. दौलताबादला ढेड, वेरूळला ढेडवाडा.

आता नावाचा प्रश्न. मघाशी आपल्यातलाच एक पोरगा तावातावानं म्हणाला, हे नाव पुस्तकातून, गाइडच्या तोंडातून पुसून टाका, समता विहार म्हणा. त्याचा राग मला कळतो. डिसेंबर २०२० ला राज्याच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की वस्त्यांची जातीवाचक नावं काढायची, महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर करायचं. चांगला निर्णय. जिथं माणूस राहतो, जिथला पत्ता पोराला शाळेत, नोकरीच्या अर्जात लिहावा लागतो, तिथं ते नाव एक दिवस राहू नये. आणि नाव म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असं मराठवाड्यात तरी कुणी बोलू नये. १९७८ च्या जुलैत विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि आपली घरं पेटली, पोचीराम कांबळेला मारलं. आपला हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही मराठवाडा हा शब्द जोडून. साडेपंधरा वर्षं एका नावाला.

पण लेण्यात आज कुणी राहत नाही. तिथला पत्ता कुणाच्या अर्जावर येत नाही. आणि तिथं राहून गेलेल्या माणसांची दुसरी कुठलीच खूण उरलेली नाही. ना लेख, ना शिल्प, ना सातबारा. चूल पेटवली असेल तर काजळी कधीच पुसली गेली. उरलाय एवढा एकच शब्द, आणि तोही दुसऱ्यांनी हिणवून ठेवलेला. तो पुसला की खोडणाऱ्याचं कामच आपण करून देणार. मग त्या दालनात फक्त चोवीस खांब उरतील, कलेचा उत्कृष्ट नमुना उरेल, आणि पावसात भिजत आलेली बाई आपल्याच हातून परत बाहेर जाईल. म्हणून माझं मत असं की नाव राहू द्या, पण एकटं सोडू नका. त्याच्याखाली मराठीत लिहायला लावा, मोठ्या अक्षरात. कोण राहिलं, कधी राहिलं, गावात घरं असताना डोंगरात का यावं लागलं. आणि ढेडवाडा ह्या शब्दाला मात्र माझी अजिबात दया नाही. त्यानं कुणाच्या राहण्याची साक्ष राहत नाही, नुसती शिवी राहते. तुम्हाला पटत नसेल तर भांडा, मी इथंच आहे.

भांडणाच्या आधी एक काम करायला पाहिजे. वेरूळ, खुलताबाद, त्या बाजूच्या वस्त्यांत आपली म्हातारी माणसं आहेत. त्यांच्या आजा-पणजाकडून आलेलं काही त्यांच्याकडं असेल, लेण्यातल्या पावसाळ्याबद्दल. असेल म्हणतो, आहेच असं नाही. ते कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही. तुमच्यातले जे कॉलेजला आहेत, ज्यांच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे, त्यांनी विचारावं. कुणी "आम्हाला नाही माहीत" म्हटलं तर तेही लिहून घ्यावं. आपल्या बाजूनं सोयीचं तेवढंच लिहायचं नाही. कुणी तुम्हाला सांगेल की एका रात्रीत भिक्षू कापले आणि लेणी रिकामी झाली. पुरावा मागा. मला तरी वेरूळला तसा दिसला नाही. तिथं दिसतं ते एवढं की आठव्या शतकात बुद्धाचं खोदकाम थांबतं आणि शेजारी कैलासाला राष्ट्रकूट राजाची तिजोरी उघडते. दान वळलं की विहार वाळतो, त्याला तलवारच लागते असं नाही.

जाल तेव्हा सहा नंबरला पण डोकवा. महामायूरी आहे, मोराची देवी, तिच्याजवळ खाली एक छोटा माणूस चौरंगावर पोथी ठेवून वाचत बसलाय. येणारेजाणारे देवीकडं बघतात, मोराकडं बघतात. तो कुणाकडंच बघत नाही. वाचतोय.

दिवाळीच्या सुटीत जाऊ या असं इथल्या पोरांनी ठरवलंय. जवळ्याहून परभणीमार्गे औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथून पुढं तीसेक किलोमीटर. बॅटरी घ्या, गाभाऱ्यात अंधार असतो. वह्या घ्या. मोजायचा टेप मी आणतो, बाकांची उंची मला स्वतः मोजायची आहे. आणि मंगळवार धरू नका, मंगळवारी लेणी बंद असतात.

जयभीम.